मलाक्का आणि वारशाची सनद

आपल्या प्रांतास वारसा म्हणून सरकारी, आणि जमल्यास जागतिक, मान्यता मिळावी अशी मागणी अलीकडे देशोदेशीं होऊं लागली आहे. किल्ला, राजवाडा किंवा लेणें ह्यांच्या बाबतींत ह्या मागणीचा अर्थ सरळ आहे. दगड जागच्या जागीं आहेत; ते तसेच राहावेत एवढेंच मागावयाचें असतें. परंतु अनेक धर्म, जाती व भाषा एकत्र नांदल्या हेंच ज्या स्थळाचें भूषण म्हणून पुढें केलें जातें, तेथें सनद कोणाच्या नांवें मागावयाची हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून अवघड आहे. तो आम्ही मलाक्का शहराच्या उदाहरणानें तपासूं इच्छितों.

मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हें जुनें बंदर २००८ सालीं जॉर्ज टाउन ह्या शहरासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादींत दाखल झालें. आशियांतील बहुविध संस्कृतींच्या परंपरेची हीं दोन शहरें जिवंत साक्ष आहेत, हें त्या वेळीं ग्राह्य धरलेल्या कारणांपैकीं एक होतें. ह्यांतील ‘जिवंत’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

साक्ष खोटी नाहीं. गोवें घेतल्यानंतर एका वर्षानें, १५११ सालीं, आल्बुकेर्कनें मलाक्का जिंकलें. पाठोपाठ तेथें जाऊन राहिलेल्या तोमे पिरेश ह्या पोर्तुगीज लेखकानें नमूद केलें आहे कीं, ह्या बंदरांत ८४ भाषा ऐकूं येतात. आणि त्यानें दिलेल्या व्यापाऱ्यांच्या लांबलचक यादींत चौल, दाभोळ व गोवें येथील माणसेंही आहेत. ह्या आंकड्यानें चौऱ्यांशीं लक्ष योनींची आठवण होऊन वाचकास हसूं येईल. पिरेशनें एकेक भाषा मोजून घेतली असेल असें आम्हांसही वाटत नाहीं. परंतु सुलतानांच्या अमदानींतील तेथील व्यवस्था खचित विचार करण्याजोगी आहे. बंदरावर चार शाहबंदर नेमलेले असत: एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांसाठीं, दुसरा तामीळ, बंगाली व पेगूकडील लोकांसाठीं, तिसरा जावा व मसाल्याच्या बेटांकडील लोकांसाठीं, आणि चौथा चिनी व त्यांच्या बाजूच्या व्यापाऱ्यांसाठीं. आपल्या गटाचें जहाज आलें कीं त्याच्या नाखव्यास वरिष्ठांपुढें नेणें, मालास वखार मिळवून देणें, ही त्या त्या शाहबंदराची जबाबदारी असे. परक्याचें परकेपण पुसून टाकण्याची गरज त्या दरबारास वाटली नाहीं, तसें त्याचें कौतुक करण्याचीही वाटली नाहीं. त्यास दाद लागेल असा माणूस त्यानें नेमून दिला. आमच्या मतें मान्यता ह्या शब्दाचा मूळ अर्थ हाच आहे.

त्या नांदण्याच्या खुणा आजही दिसतात. जुन्या शहरांतील एकाच गल्लींत चेंग हून तेंग हें चिनी देऊळ, कांपुंग क्लिंग मशीद आणि १७८१ सालीं डचांनीं दिलेल्या जागेवरील विनायकाचें देऊळ जवळजवळ उभीं आहेत. मशिदीचा मनोरा पॅगोड्याच्या घाटाचा आहे. आणि विनायकाचे भक्त जे चिट्टी लोक, ते शैव असून घरीं मलायी बोलतात.

मात्र अर्जासोबत नकाशा जोडावा लागतो, आणि नकाशास सीमा लागते. मलाक्क्याचा संरक्षित गाभा सुमारें ४५ हेक्टरांचा आहे. पोर्तुगीजांच्या किल्ल्याचा उरलेला एकुलता दरवाजा त्या गाभ्यांत आला. त्या पोर्तुगीजांचे वंशज म्हणविणारे लोक उजोंग पासिर येथें, १९३० नंतर वसविलेल्या वस्तींत राहतात; ती वस्ती बाहेर राहिली. तेथील घरें जुनीं नव्हतीं हें खरें. परंतु क्रिस्तांग नांवाची त्यांची बोली त्या दरवाज्याच्याच काळापासून चालत आलेली आहे, आणि तिचीच एक दूरची बहीण आपल्याकडे रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लई गांवांत अजून बोलली जाते. उजोंग पासिरपुढील समुद्रांत भराव पडत गेला तेव्हां तेथील कोळ्यांनीं तक्रारी केल्या. त्यांच्या बाजूनें दाखविण्यासारखी सनद त्यांच्यापाशीं नव्हती.

सीमेच्या आंतील लोकांची कथाही सुखाची नाहीं. मलेशियांतील जुन्या घरांवरील भाडेनियंत्रण २००० सालाच्या आरंभीं संपुष्टांत आलें. भाडीं चढलीं आणि पिढ्यानपिढ्या राहिलेलीं कुटुंबें उठूं लागलीं. सनद मागाहून आली, तेव्हां हा दोष तिच्या माथीं मारतां येत नाहीं. परंतु भिंतीचा रंग व कौलांचा उतार ह्यांविषयीं ती जितकी दक्ष आहे, तितकी भाडेकरूविषयीं नाहीं. ज्यांच्यामुळें साक्ष जिवंत ठरली ते जाऊन त्यांच्या घरांत उपाहारगृहें थाटलीं गेलीं, तर यादींतील शब्द तसाच राहतो आणि त्याचा अर्थ निघून जातो.

तर मग अर्जच करूं नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. जॉर्ज टाउनच्या किनाऱ्यावर चिनी कुळांनीं खांबांवर वसविलेले लांकडी धक्के आहेत. त्यांपैकीं कांहीं नव्या बांधकामासाठीं पाडले गेले. उरलेल्यांस यादीनें अभय दिलें. आतां तेथील रहिवाशांस, घरांत डोकावणाऱ्या प्रवाशांस आवरण्यासाठीं, दारावर पाट्या लावाव्या लागतात. हा उपद्रव लहान नव्हे. तरी पाडलेल्या घरापेक्षां पाटी लावलेलें घर आम्ही शतपटीनें बरें समजूं.

आमचा आक्षेप मागणीस नाहीं, तिच्या स्वरूपास आहे. पूर्वजांनीं परक्यांस थारा दिला ह्याबद्दल जें सरकार मान मागतें, त्यानें आपण आज कोणास थारा देतों हेंही त्याच कागदावर लिहून द्यावें. इमारतींच्या मोजदादीबरोबर भाडेकरूची मुदत, बोलीची शाळा आणि कोळ्याचा किनारा ह्यांविषयीं बंधन पत्करावें. आणि तें पाळलें जातें कीं नाहीं हें पाहणाऱ्यांत त्या त्या समाजाचा माणूस असावा. सुलतानाच्या बंदरांत ही सोय होती.

उद्यां चौल, रेवदंडा व कोर्लई ह्या टापूसाठीं कोणी अशीच मागणी पुढें आणली, तर तेथील किल्ले, देवळें, चर्चे व बेने इस्रायलांचें प्रार्थनामंदिर ह्यांची यादी करण्यास फारसा वेळ लागणार नाहीं. आम्ही त्या यादीपूर्वीं, कोर्लईचीं किती मुलें घरीं ती बोली बोलतात आणि त्यांच्यासाठीं काय करण्याचें ठरलें आहे, हें विचारूं. आणि उत्तर देणारा त्याच गांवचा असावा असा आग्रह धरूं.