घोडा आणि गॅस्केट

'जगात जर्मनी, भारतात परभणी' या म्हणीचा अर्थ मला निवृत्तीनंतर कळला. रुडॉल्फ डिझेल यांनी आपले इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वी करून दाखवले. आणि त्याचाच एक थकला-भागला वंशज शेवटचे आचके द्यायला परभणीत माझ्या अंगणात आला.

झाले असे, की पुतण्याने हट्ट धरला, "काका, माल मोंढ्यात न्यायला आपली पिकअप पाहिजे." नवी परवडेना, म्हणून मानवतला एक जुनी पाहायला गेलो. मालक हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला खोटं सांगणार नाही. हेड गॅस्केट दोनदा बदललंय. वैशाखात चढाला गरम होती. आईल खाती. सकाळी गार असली की चालू व्हायला कुरकुरती."

एवढे दोष तर आजवरच्या सोयरिकींतही कुणी मला उघडपणे सांगितले नव्हते. मी भारावलो आणि तिथल्या तिथे विसार दिला. वाटेत पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही गाडी घेतली का माणूस?"

पण खरे सांगतो, दोन वर्षे आमचे चांगले जमले. निळा धूर दिसला की आईल पाहायचे, पांढरा दिसला की पाण्याची काळजी करायची. चढ आला की बॉनेट उघडून इंजिन निवेपर्यंत झाडाखाली बसायचे. माहीत असलेला दोष दोष राहत नाही. तो स्वभाव होतो. आमच्या घरी माझ्याबाबतीतही हाच नियम चालतो.

प्रश्न उभा राहिला तो गाडी विकताना. जिंतूरकडचा एक तरुण पोरगा गिऱ्हाईक म्हणून आला. बायकोची पोत गहाण ठेवून पैसे आणले होते. पुतण्याने पहाटेच इंजिन तापवून ठेवले होते, आत घट्ट आईल ओतले होते. मला म्हणाला, "काका, खोटं बोलायचंच नाही. फक्त गप्प बसायचं."

गप्प बसणे म्हणजे खोटे बोलणे का? शेजारी वकील राहतात. आदल्या रात्री त्यांना विचारले. ते म्हणाले, १८७२ च्या करार कायद्यात, कलम १७ खाली, एक घोडा आहे. घोडा अधू आहे हे मालकाला ठाऊक असते, पण लिलावात तो काहीच बोलत नाही. कायद्याने ही फसवणूक नव्हे. मला हायसे वाटले. पण वकिलांना पुढचे वाचायची खोड असते. घेणारा जर म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धड आहे असं मी समजेन,' तर मग गप्प बसणे हे बोलण्यासारखेच!

पोराने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला एक लाथ मारली आणि म्हणाला, "गुरुजी, मला इंजिनातलं काही कळत नाही. खोट असती तर तुम्ही बोलला असता. बोलत नाहीत, म्हणजे गाडी चांगलीच आहे."

साक्षात कलम १७ माझ्या अंगणात उभे होते!

मग मी मानवतच्या मालकाचे सगळे पाठांतर म्हणून दाखवले, वर माझी दोन वर्षांची भर घातली. पोराचा चेहरा उतरला. बराच वेळ तो नुसता बॉनेटकडे बघत बसला. शेवटी पंधरा हजार कमी करून गाडी घेतली. पाण्याचे दोन कॅन मी वर फुकट दिले. रेडिएटर तोच, गॅस्केट तेच. दोघांना ठाऊक असले की तो गाडीचा स्वभाव, एकट्यालाच ठाऊक असले की ती लबाडी.

परवा जिंतूर रोडवर तो दिसला. बॉनेट उघडून झाडाखाली बसला होता. मला पाहून त्याने हात केला, मीही केला. पंधरा हजारांत मला एवढेच मिळाले : त्या रस्त्याने मान वर करून जायची सोय.

पुतण्याच्या मते सौदा महाग पडला.