लाखात एक

मुलगी लाखात एक आहे असे म्हणताना आपल्याला केवढे कौतुक वाटते! पण हेच शब्द एखाद्या बाईच्या दुखण्याला लागले की शापासारखे भासतात. लाखांची सोय करता करता जेथे नाकी नऊ येतात, तेथे या एकीसाठी किती करायचे, असे व्यवहारी माणूस विचारतो. प्रश्न निष्ठुर वाटतो. पण तो टाळता येत नाही.

लाखांचा हिशेब खोटा नसतो. धाराशिव जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते तेव्हा, १९९९ साली, तेथील खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. शेजारच्या बार्शीचे कर्करोग रुग्णालय त्यात अग्रभागी होते. १,३१,७४६ स्त्रियांची त्यात नोंद झाली. २००९ साली निष्कर्ष आले. ज्या गटाची विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्यात या रोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४. स्तनांच्या बाबतीतही मुंबईतील दीर्घ अभ्यासाने २०२१ साली दाखवले, की शिकवलेल्या हातांनी दर दोन वर्षांनी तपासले, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटतात. गरीब देशाने आधी हेच करावे, यात मला शंका नाही.

पण फिलॉइड्स नावाची स्तनाची एक गाठ आहे. शंभर गाठींत ती एकही नसते. सूक्ष्मदर्शकाखाली तिची रचना पानासारखी दिसते, म्हणून तिला हे ग्रीक नाव. तिचे काही प्रकार साधे, काही घातक. सुईच्या तपासणीत ती पुष्कळदा निरुपद्रवी गाठीसारखी भासते. तसे समजून अपुरी काढली, तर पुन्हा उद्भवते. नेहमीचा कर्करोग समजले, तर काखेतल्या ग्रंथी बहुधा विनाकारण काढल्या जातात. येथे अचूक नाव हाच अर्धा उपचार असतो. तालुक्याच्या डॉक्टरने अशी गाठ जन्मात पाहिलेली नसते, आणि त्यात त्याचा दोष नाही.

मग त्या एकीचे देणे काय? सर्वांत महागडे औषध तिला आधी मिळावे, असे मी म्हणणार नाही; तेथे लाखांचाही हक्क आहे. पण आपल्या रोगाचे खरे नाव कळण्याचा तिचा हक्क मात्र कोणत्याही हिशेबात वजा होऊ नये. पैसा वाटला की कमी होतो. जाणकाराचे ज्ञान तसे होत नाही. ऐन सोयाबीनच्या काढणीत रोजगार बुडवून, लेकरे शेजारणीवर सोपवून बाईने मुंबई गाठण्याऐवजी, मेणात बसवलेला गाठीचा तुकडा मुंबईला जाऊ शकतो. २०१२ पासून देशातली कर्करोग रुग्णालये एका जाळ्यात जोडली जात आहेत. अवघड रुग्णाचा विचार चार जाणत्यांनी एकत्र करावा, हा त्यामागचा एक हेतू. खर्च आहे, पण मुख्यतः तो कोणीतरी विचारण्याचा आणि कोणीतरी उत्तर देण्याचा आहे.

अर्थात, हे सारे बाई दवाखान्यात पोचल्यानंतरचे. घरातल्या सर्वांना उटणे लावून झाल्यावर शेवटी स्वतःच्या अंगाला तेल लावताना तिच्या हाताला गाठ लागते, आणि ‘सण होऊन जाऊ दे’ म्हणून ती दुखणे अंगावर काढते. ती गाठ साधी की लाखात एक, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा भाऊबीज आटोपली, की तिला घेऊन दवाखान्यात जावे. ओवाळणीत एवढे तरी घालता येईल.