अजून उजेड आहे

सकाळी सहाला उठते. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन करून आले की भाकरी-ताक, आणि त्यासोबत ब्रोमोक्रिप्टिनच्या दोन बारक्या गोळ्या, प्रत्येकी ०.८ मिलिग्रॅमच्या. उठल्यापासून दोन तासांच्या आत आणि खाऊनच घ्यायच्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वेळेखाली दोन रेघा मारल्यात.

वेळ पाळणं मला नवं नाही. सांगलीला सून म्हणून आले तेव्हापासून दिवस मावळायच्या आत अंथऊ, म्हणजे संध्याकाळचं जेवण, मग सकाळपर्यंत तोंड बंद. तरी वजन ८२ किलो. अंगात इन्सुलिन भरपूर, पण शरीर त्याला दाद देईना, म्हणून साखर वाढलेली. सासूबाई म्हणायच्या, "जिभेचा मोह सुटत नाही तुझा." मी ते खरं मानलं. वर्षानुवर्षं प्रतिक्रमणात पहिलं प्रायश्चित्त या देहाचंच.

ही गोळी सुचली ती पाखरांमुळे. अमेरिकेत लुइझियानात संशोधक आल्बर्ट मायर पांढऱ्या गळ्याच्या चिमण्यांवर काम करत. दूरच्या प्रवासाआधी या चिमण्या अंगावर चरबी धरतात. त्यांना दिलेलं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तेच. पण कॉर्टिकोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकानंतर बारा तासांनी दिलं की पाखरू लठ्ठ होई, आठ तासांनी दिलं की रोडावे. प्रोलॅक्टिन दाबणारं ब्रोमोक्रिप्टिन सकाळीच का द्यायचं, याचं मूळ तिथे आहे. मायर आणि अँथनी सिंकोटा यांच्या या कामातून आलेल्या गोळीला २००९ साली तिकडे मधुमेहासाठी मान्यता मिळाली.

त्या चिमणीला कुणी हावरट म्हणेल का? आमच्या शास्त्रात देहाची घडण नामकर्माची, हाव मोहनीय कर्माची. मी सगळं मोहनीयाच्याच खात्यावर मांडत आले. कर्माचा उदय द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव यांच्या निमित्ताने होतो, आणि काळ तर सहा द्रव्यांतलं एक. स्वाध्यायात हे कितीदा वाचलं, स्वतःला कधी लावून पाहिलं नाही.

तरी एक बोच राहिली. साखर गोळीने उतरली, मग माझं तप कुठे गेलं? चातुर्मासाला आलेल्या माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "रात्रीचं जेवण सोडलंस ते बारीक जीवांसाठी की वजनकाट्यासाठी?" मला उत्तर देता येईना. अहिंसेचं व्रत मी कधी औषध करून टाकलं, आणि गुण आला नाही म्हणून स्वतःला पापी ठरवलं, कळलंच नाही.

सुरुवातीला मळमळायचं. नमस्कार करून उठताना अजूनही गरगरतं. खांबाचा गार दगड धरून क्षणभर थांबते. वजन फारसं हललेलं नाही.

परवा धाकट्या जावेला तिच्या अंगावरून कुणीतरी बोललं. ती अर्ध्या ताटावरून उठायला लागली. मी तिचा हात धरून बसवलं. म्हटलं, "अजून उजेड आहे, पोटभर जेव."