जमा गारवा, नावे उष्णता

पंखा थंड करतो, ही माणसाची फार जुनी समजूत आहे. ती खरी नाही. पंखा नुसती हलवाहलव करतो. इथली गरम हवा तिकडे ढकलतो आणि तिकडची जरा कमी गरम हवा इकडे आणतो. एवढ्याशा कामासाठी आपण त्याला छताच्या मधोमध मानाची जागा देतो. आमच्या बँकेत अशाच कामाला बदल्या करणे म्हणतात, आणि ते करणाऱ्यांनाही वरच्याच मजल्यावर बसवतात.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शास्त्र विषयाचा आणि माझा संबंध दहावीनंतर संपला, तोही उभयपक्षी संमतीने. पण दुहेरी नोंदीची पद्धत अंगात मुरली आहे. कुठे काही जमा झालेलं दिसलं, की 'नावे कोणाच्या टाकलं?' हा प्रश्न मनात आपोआप उभा राहतो. उष्णतेबद्दल शास्त्रज्ञ जे सांगतात, ते आमच्या पहिल्या वर्षाच्या हिशेबाच्या पुस्तकापेक्षा फारसं निराळं नाही. ऊर्जा नष्ट होत नाही, या खात्यातून त्या खात्यात वर्ग होते. म्हणजे जगात कोणाकडे गारवा जमा झाला, की कोणाच्या तरी नावे उष्णता पडली, हे ठरलेलंच. कोणाच्या, एवढंच बघायचं.

हा प्रश्न मला गीता वाचताना पडला असता तर शोभून दिसलं असतं. तो पडला कॉम्प्युटरच्या डब्याला पंखे घेताना.

आमच्या गावाला सरकारदरबारी २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात, त्याआधी अहमदनगर म्हणत. जिल्ह्यातली माणसं पूर्वापार नुसतं 'नगर' म्हणत आल्यामुळे बोलण्यात कोणाची अडचण झाली नाही. नगर पर्जन्यछायेत येतं. म्हणजे पाऊस सह्याद्री स्वतःकडे ठेवून घेतो आणि छाया तेवढी आम्हाला पाठवतो. ती छायाही उन्हात बसायला उपयोगी पडत नाही. पाऊस बेताचा, ऊन भरपूर आणि धूळ मागेल त्याला. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकला, की आमच्या चिरंजीवांचा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडतो. आतली मुख्य चिप ठराविक मर्यादेपलीकडे तापली, की आधी काम हळू करते आणि तेवढ्याने भागलं नाही तर सरळ थांबते. अशी सवलत आमच्या सेवानियमांत कुठल्याही कलमाखाली नाही.

तेव्हा पंखे आणायला निघालो. दुकानदार पंचविशीतला होता. मला बघताच "या काका" म्हणाला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आपलं खरं वय कॉम्प्युटरच्या दुकानातच कळतं.

"किती देऊ?"

"एक पुरे ना?"

"नाही काका. एक आत घेणारा, एक बाहेर टाकणारा, निदान एवढे तरी पाहिजेत. समोरून दोन आत आणि मागून एक बाहेर असेल तर उत्तम."

"दोन आत आणि एकच बाहेर? ताळेबंद कसा जुळायचा?"

"जुळतो की! जास्तीची हवा फटींतून बाहेर पडते. आणि फटींतून हवा बाहेर पडत असली, की तिथून धूळ आत शिरत नाही. बाहेर टाकणारे जास्त लावा, डबा फटीफटीतून धूळ ओढणार. समोरच्या पंख्यांना जाळी लावायची आणि महिन्याला धुवायची. नगर आहे हे, काका."

घरात येणारा पैसा जाणाऱ्यापेक्षा थोडा जास्त असावा, म्हणजे फटींतून कर्ज आत शिरत नाही, हे मी वीस वर्षं खातेदारांना सांगत आलो. इतक्या नेमकेपणाने मला ते कधी मांडता आलं नव्हतं.

पुढे तो आकारावर आला. पंखे ऐंशी मिलिमीटरचे असतात, एकशेवीसचे असतात, एकशेचाळीसचे असतात. मोठा पंखा सावकाश फिरून जेवढी हवा हलवतो, तेवढीच हलवायला लहान पंख्याला जिवाच्या आकांताने फिरावं लागतं. गोंगाट होतो तो या आकांताचा. तेव्हा डब्यात मावेल तेवढा मोठा घ्यावा आणि हळू चालवावा. चार पिनांचा पंखा असेल तर कॉम्प्युटर गरजेप्रमाणे त्याचा वेग कमीजास्त करतो. डबा गार असला की पंखा रमतगमत फिरतो, तापला की पळतो. चौकटीवर बहुधा वाऱ्याच्या दिशेचा बाण असतो. तो न बघता बसवला, तर दोन पंखे समोरासमोर उभे राहून एकमेकांवर वारा घालत बसतात. अशा बैठका मी पाहिलेल्या आहेत.

पण टिकाऊपणा ना आकारात असतो, ना पात्यांत. तो असतो मधोमध, न दिसणाऱ्या बेअरिंगमध्ये. त्याच्या तीन जाती आहेत. पहिली साध्या बाहीची. स्वस्त, सुरुवातीला अगदी शांत, पण उष्णतेने तेल वाळलं की कुरकुर सुरू, आणि आडवा निजवून लावला तर झीज आणखी लवकर. दुसरी छऱ्यांची. ही उष्णता सोसते, आडवीतिडवी कशीही बसते, पुष्कळ टिकते, पण वय झालं की खडखडते. तिसरीत फिरता आस तेलाच्या एका पातळ थरावर तरंगतो. धातूला धातू घासत नाही, म्हणून आवाजही नाही आणि झीजही नाही. किंमत मात्र जास्त. नवीन लागलेला कारकून, युनियनचा जुना पुढारी आणि एखाददुसरा साधुपुरुष अशी तिन्ही माणसं मला आमच्या शाखेत जागच्या जागी दिसू लागली.

"हा घ्या," तो म्हणाला. "दीड लाख तास."

मी मनातल्या मनात भागाकार केला. अखंड फिरला तरी सतरा वर्षं! माझी नोकरी तेवढी उरलेली नाही. दीड लाख तास बसून कोणी मोजत नाही, म्हणून चाचणी जास्त उष्णतेत थोडा काळ करतात आणि पुढचं गणिताने काढतात. पुष्कळदा डब्यावरचा आकडा म्हणजे शंभरातले दहा पंखे बंद पडायला लागणारा काळ असतो. आपण ते दहा का नव्वद, हे घरी नेल्यावर कळतं. शिवाय आकडा किती अंशांवरचा आहे तेही वाचावं. पंचवीस अंशांवरचे तास आणि चाळीस अंशांवरचे तास एका भावाचे नव्हेत. नगरकरांनी चाळिसाचे बघावेत.

पंखे बसले. डबा गार झाला, कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला. आणि चिरंजीव घामाने निथळू लागले. कारण सोपं आहे. कॉम्प्युटर तीनशे वॅट वीज खात असेल, तर जवळजवळ ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता देतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत तीन पाहुणे कायमचे येऊन बसले, फक्त चहा मागत नाहीत. पंख्यांनी डब्याची उष्णता खोलीच्या नावे टाकली. खोलीचं दार उघडलं, ती बैठकीच्या नावे पडली. बैठकीतून ती वाऱ्याबरोबर पुढे निघाली आणि अर्थातच स्वयंपाकघरात गेली.

"त्या डब्याला तीन पंखे झाले," आतून आवाज आला. "इथे एकही नाही, हे कोणाच्या लक्षात आलंय का?"

हे आमच्या एकट्याच्या घरचं नाही. आमच्या सबंध कॉलनीत स्वयंपाकघरात पंखा नाही. असला तरी लावत नाहीत. वाऱ्याने गॅसची ज्योत फडफडते. म्हणजे घरातल्या सगळ्यांत गरम खोलीत सगळ्यांत जास्त वेळ उभं राहणारं माणूसच तेवढं बिनपंख्याचं, आणि याला कारण काय, तर ज्योत! यंत्रासाठी जो हिशेब दुकानदाराने पाच मिनिटांत समजावून दिला, तो बाईमाणसासाठी पिढ्यान्‌पिढ्या कोणी मांडलेला नाही. ती बंद पडत नाही, हेच त्याचं कारण असावं. चाळीस अंशांना ती चिपेसारखी थांबली असती, तर घरोघर धावपळ झाली असती.

बँकांत यंत्रं आली तेव्हाही असंच झालं म्हणतात. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखांतून खतावणी करणारी यंत्रं बसू लागली. जुने सहकारी सांगतात, यंत्राच्या खोलीत वातानुकूलन आणि माणसांना डोक्यावरचे पंखे. यंत्राविरुद्ध घोषणा देऊन घसा बसलेली मंडळी दुपारी काहीतरी काम काढून त्याच खोलीत घसा शेकायच्याऐवजी गार करायला जात. एका शाखेत म्हणे त्या यंत्रणेची मागची बाजू नेमकी पेन्शनरांच्या रांगेवर उघडत होती. जमा यंत्राकडे, नावे पेन्शनर.

त्याच्याही चारशे वर्षं आधी नगरात गारव्याचा थाट होता. निजामशाहीतला फराहबाग महाल १५८३ साली पुरा झाला. अष्टकोनी इमारत आणि चहूबाजूंनी तळं. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, म्हणून पाण्यावरून येणारा वारा गार होऊन आत शिरायचा. बेअरिंग नाही, तेल नाही, आवाज नाही. टिकाऊपणात याला तोड नाही असं वाटतं. पण त्या काळी शहराचं पाणी आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी येत असे. सुलतानाच्या गारव्यासाठी वाफ होऊन गेलेलं पाणी कोणाच्या मळ्याला पुरलं असतं, हे विचारायची सोय तेव्हा नव्हती. आज महाल पडक्या अवस्थेत उभा आहे आणि तळं कोरडं आहे.

माणसांच्या उष्णतेचं तर विचारूच नका. तिमाहीचं उद्दिष्ट वरून येतं. व्यवस्थापक तापतात, ते ती उष्णता आमच्या नावे टाकतात. आम्ही ती खिडकीसमोरच्या खातेदाराकडे वर्ग करतो. खातेदार ती घरी नेतो. शेवटची नोंद बहुधा एखाद्या लहान मुलाच्या पाठीवर पडते. त्याच्याजवळ पुढे वर्ग करायला खातं नसतं. सगळ्या प्रवासात प्रत्येक जण "मी काय, वरून आलं ते पुढे दिलं" असं म्हणतो, आणि ते खरंही असतं. पंख्याचंही म्हणणं तेच आहे.

आमच्याकडे एक रोखपाल होते, आता निवृत्त झाले. खातेदार भडकून आला की ते त्याचं सगळं ऐकून घेत, मग स्टूल पुढे सरकवत, मग पाणी देत. भांडण त्यांच्या खिडकीशी सुरू होई आणि तिथेच मिटे. त्यांनी कोणावर आवाज चढवलेला आम्ही कधी ऐकला नाही, ना शिपायावर, ना घरच्या फोनवर. एकदा मी विचारलं, "साहेब, दिवसभर एवढं घेता, ते ठेवता कुठे?"

"ठेवतो कशाला? घरी चालत जातो. साडेतीन किलोमीटर. घर येईपर्यंत शिल्लक शून्य होते."

तेलाच्या थरावर फिरणारं बेअरिंग म्हणतात ते हेच असावं. उष्णता त्यांनाही लागत होती. ती कोणाच्या पाठीवर न टाकता उघड्या रस्त्यावर सोडायची, एवढाच त्यांचा नेम होता. गारवा घेऊ नये असं कोणी म्हणणार नाही. नगरच्या मे महिन्यात तसं म्हणणारा माणूस एकतर संत असेल किंवा महाबळेश्वरला असेल. पण घेताना नावे बाजू कोणाची, हे वाचून मग सही करावी. सही करणारा इसम सहसा ती बाजू वाचत नाही.

आता आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला वरच्या अंगाला हवा बाहेर टाकणारा पंखा बसला आहे. बेअरिंग छऱ्यांचं. तो ज्योतीवर वारा घालत नाही, नुसती वरची गरम हवा ओढतो, म्हणून गॅसची तक्रार नाही. भोक पाडायला आलेल्या मिस्त्रीने सोपी भिंत दाखवली होती. तिच्या पलीकडे शेजारच्या वहिनींची गॅलरी, जिथे त्या दुपारी वाटाणे सोलत बसतात. दुसरी भिंत गल्लीकडची, तिला वायर लांबून आणावी लागत होती आणि अडीचशे रुपये जास्त पडत होते.

"गल्लीकडेच पाडा," सौभाग्यवती म्हणाल्या. "आपला फोडणीचा धूर वहिनींनी का खावा?"

तिने हिशेबाचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. गल्लीत लिंबाचं झाड आहे आणि वर आभाळ आहे. आभाळ म्हणजे अखेर एक उचंत खातंच. ज्याला कुठे टाकावं कळत नाही ते सगळे तिथे टाकतात, आणि त्याचाही मेळ कधीतरी घालावा लागणार, अशी लक्षणं दिसू लागली आहेत. तोपर्यंत वहिनींचे वाटाणे गारव्यात सोलून होतात. लिंबाच्या झाडानेही अजून लेखी तक्रार केलेली नाही.