पाणी चाखणाऱ्याने तळे राखावे

सद्भक्तहो,

मागील महिन्यात प्रवचन आटोपल्यावर एका तरुण भक्ताने विचारले, "स्वामीजी, तलाव वाचविण्यासाठी सभा घेणे, शासनाला निवेदने देणे, न्यायालयात जाणे, हे शिवभक्ताचे काम आहे काय? आपण तर अंतरंगशुद्धी सांगता." प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर आपणा सर्वांसमोर ठेवीत आहे.

बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी सोन्नलिगे, म्हणजे आजच्या सोलापुरात, लोकांना जोडून तलाव खोदविला. 'शून्यसंपादने' ग्रंथात कथा येते की, अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी सिद्धरामांना माती उपसणारा म्हणून डिवचले. यावरून काहीजण समजतात की तलावाचे काम बाह्य, म्हणून हलके. पण प्रभूंनी तलाव बुजवा असे सांगितले काय? नाही. 'हे मी केले' या अहंकारावर त्यांचा प्रहार होता. सिद्धरामांचा 'मी' गळाला. तलाव मात्र आजही सोलापुरात आहे. कर्म टाकावयाचे नसते, कर्तेपण टाकावयाचे असते.

आता हैदराबादचे उदाहरण पाहा. 1908 साली मुसी नदीच्या महापुरात हजारो जीव गेले. त्यानंतर पूर अडविण्यासाठी व शहराला पाणी देण्यासाठी उस्मानसागर (1920) आणि हिमायतसागर (1927) हे विशाल जलाशय बांधले गेले. 1996 साली शासनाने आदेश काढून त्यांच्या भोवतालच्या 10 किलोमीटर परिसरात, 84 गावांच्या क्षेत्रात, प्रदूषक कारखाने व मोठी बांधकामे यांवर बंदी घातली. बंदी पाण्यावर नसून जमिनीवर का? कारण तलाव मरतो तो वरच्या अंगाने. ओढे बुजले की पाणी येत नाही. सांडपाणी आले की नत्र व स्फुरद वाढतात, शेवाळ व जलपर्णी माजते, पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे मरतात. मनाचेही असेच नाही का? मळ वरून येतो, दुर्गंधी खाली सुटते.

पुढे एका कारखान्याला या बंदीतून सूट दिली गेली. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. 2022 मध्ये शासनाने निर्बंध उठविणारा नवा आदेश काढला आणि वाद पुन्हा उभा राहिला. याचा बोध असा की, तळे एकदा वाचवून भागत नाही. कायक जसे रोजचे, तसे राखणेही रोजचे.

मात्र येथे एक अवघड प्रश्न आहे. पाणी शहराने प्यावे आणि जमिनीची किंमत 84 गावांतील शेतकऱ्यांनी गमवावी, हा न्याय आहे काय? केवळ 'तलाव वाचवा' म्हणणाऱ्याने याचे उत्तर दिले पाहिजे. शरणांचा दासोह आपल्या कष्टातून होतो, दुसऱ्याच्या ताटातून नव्हे. म्हणून पाणी पिणाऱ्यांनी त्या गावांचा भार वाटून घ्यावा, अशी मागणीही तितक्याच जोराने केली पाहिजे. नाही तर आपले धर्मकार्य म्हणजे सोयीचा स्वार्थच.

आणखी एक कबुली देतो. आमच्या मठाच्या दासोहाचे खरकटे पाणी कित्येक वर्षे गावतळ्याच्या ओढ्यात जात होते. तळ्याविषयी पहिले निवेदन लिहिताना ते ध्यानात आले आणि लेखणी थांबली. आधी शोषखड्डे खणले, मग निवेदनावर सही केली. त्या वेळी अल्लमप्रभूंचा टोला आम्हांलाही लागला.

आपण पादोदक मस्तकी लावतो. ते पाणी कोठून येते, याचा विचार कराल? 'तळे राखील तो पाणी चाखील' अशी म्हण आहे. शिवभक्ताने ती उलट वाचावी: जो चाखतो, त्याने राखावे. त्या तरुणाला आम्ही इतकेच सांगितले, "बाळा, सभेला अवश्य जा, निर्भयपणे बोल. फक्त घरची मोरी पाहून जा, आणि 'मी' घरी ठेवून जा."

शरणु शरणार्थी.