सेवा की अधिकार?

तरुण शिकतात, संस्था काढतात, दुर्गम वस्तीत दवाखाना सुरू करतात. हे चांगलेच आहे. पण त्या दारात गरीब माणूस याचक म्हणून उभा राहतो की हक्कदार म्हणून?

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. तेथे नवजात बाळे न्यूमोनियाने, जंतुदोषाने दगावत, इस्पितळ दूर. तेव्हा गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बाईला त्यांनी तयार केले. ती बाळाचे वजन करी, श्वास मोजी, गरज पडल्यास इंजेक्शनही देई. ३९ गावांत हजारी ६२ असलेले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. १९९९ साली 'लॅन्सेट'ने हे प्रसिद्ध केले.

येथे दया वाटली गेली नाही. विद्या वाटली गेली. दयेने देणारा मोठा होतो, विद्येने घेणारा उभा राहतो.

२०११ पासून सरकारने हेच काम देशभर 'आशां'कडे सोपविले. पण त्यांना आजही स्वयंसेविकाच म्हणतात. जीव वाचविणाऱ्या बाईच्या श्रमाला सेवा म्हणायचे आणि वेतन नाकारायचे, हा कुठला न्याय?

तरुणहो, संस्था जरूर काढा. मात्र गावाला तुमची गरज उरणार नाही, असे काम करा.