मोकळी जागा

गेल्या जानेवारीत आमच्या धर्मग्रामातील पंचवीसेक युवक-युवतींना घेऊन मी कोर्लईला गेलो होतो. कल्याणहून भाड्याच्या बसने पनवेल, पेण, अलिबाग करीत रेवदंडा गाठायचा, कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडायचा, की समुद्रात शिरलेला एक चिंचोळा डोंगर दिसू लागतो. माथ्यावर पोर्तुगीजकालीन किल्ला, पायथ्याशी गाव आणि गावात कार्मेल मातेचे चर्च. तीन दिवस तंबूत राहावे, हाताने शिजवून खावे आणि आपल्या पूर्वजांचा इतिहास मुलांनी डोळ्यांनी पाहावा, असा माझा बेत होता. 'आपल्या पूर्वजांचा' हे शब्द मी बसमध्ये दोनतीनदा उच्चारले होते, हे आता आठवते.

पोहोचेपर्यंत अंधार झाला. किनाऱ्यावर सपाट, स्वच्छ वाळू होती. मी कोणालाही विचारले नाही. समोर चिटपाखरू नव्हते, विचारायचे कोणाला? तासाभरात आठ तंबू उभे राहिले.

पहाटे जाग आली ती बायकांच्या आवाजाने. डोक्यावर ओल्या जवळ्याच्या टोपल्या घेऊन पाचसहा जणी तंबूंच्या दोऱ्यांमध्ये खोळंबून उभ्या होत्या. ती त्यांची मासळी वाळत घालण्याची जागा होती. आपापसांत त्या 'नो लिंग' बोलत होत्या. नो लिंग म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून जन्मलेली ही बोली आज जेमतेम हजारभर माणसांच्या तोंडी उरली आहे. आमच्या मुलांना मोठे कौतुक वाटले. एकाने तर मोबाईल पुढे धरून ध्वनिमुद्रणही सुरू केले. तेवढ्यात त्यांच्यातील वयस्क बाईने माझ्याकडे वळून स्वच्छ मराठीत विचारले, "फादर, हे कधी काढणार?"

मी तोंड उघडण्याआधीच एक मुलगा म्हणाला, "मावशी, जागा मोकळीच होती."

"रात्री मोकळीच असते," ती म्हणाली. "सकाळी आम्ही असतो."

तिच्या स्वरात राग नव्हता. उरलेल्या अरुंद पट्टीवर त्यांनी दाटीवाटीने जवळा पसरला आणि त्या निघून गेल्या. मुलगा काही उद्धट नव्हे. त्याने जे म्हटले तेच आदल्या रात्री मीही मनात म्हटले होते. फरक इतकाच की, तत्त्वज्ञानाची दोन वर्षे सेमिनरीत काढूनही मला त्यात काही खटकले नव्हते.

दुपारी आम्ही गड चढलो. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या वर जातात. माथा इतका अरुंद की दोन्हीकडे पाणी दिसते. आत पडके चर्च आहे, छप्पर कधीच गेलेले. मी मुलांना सांगू लागलो: पोर्तुगीज १६व्या शतकाच्या आरंभी चौलला आले ते व्यापारी म्हणून. १५१६ साली त्यांनी तेथे वखार घातली, १५२१ मध्ये किल्ल्याला हात घातला. समोरचा हा डोंगर निजामशाहीकडे होता. १५९४ मध्ये लढून त्यांनी तोही घेतला. १७३७ साली आपले ठाणे मराठ्यांकडे गेले (तेथील अर्धवट किल्ल्याचे पुढे कारागृह झाले, आजही आहे), १७३९ साली वसई पडली आणि पाठोपाठ चौल-कोर्लईही सुटले. सांगता सांगता माझ्या लक्षात आले की, या हकिकतीची पहिली पायरी दरवेळी सारखीच आहे. कोणीतरी किनाऱ्याला लागतो, इकडेतिकडे पाहतो आणि म्हणतो, जागा मोकळी आहे.

कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९५ साली चिरंतन शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की, पृथ्वी गोल आहे, माणसांना तिच्यावर अनंत पसरता येत नाही, म्हणून त्यांनी एकमेकांना सोसलेच पाहिजे; परक्याला कोणत्याही भूमीवर येऊन भेटण्याचा हक्क आहे. परंतु भेटीचा हक्क म्हणजे मुक्कामाचा हक्क नव्हे. त्यासाठी यजमानाची संमती लागते. युरोपातील व्यापारी राष्ट्रांना त्याने त्याच ठिकाणी खडसावले आहे: त्यांच्या लेखी भेट देणे म्हणजेच जिंकणे, आणि तेथील रहिवासी म्हणजे शून्य. कांट स्वतः आपले कोनिग्सबर्ग सोडून फारसा कोठे गेला नाही. न फिरणाऱ्याला हे उमगावे, याची गंमत वाटते.

यावर कोणी म्हणेल, वाळूचा सातबारा कोणाच्या नावे असतो? खरे आहे. कागदावर बहुधा ती कोणा एकीची नसेलही. पण जागा रिकामी आहे की नाही, हे पाहणारा किती वाजता आला यावर ठरू शकते काय? त्या बायकांची मालकी सकाळच्या उन्हाएवढीच आहे. रात्री आलेल्याला ती दिसणे शक्यच नव्हते. ती विचारूनच कळली असती. अब्राहामाच्या तंबूपाशी तिघे परके आले, तेव्हा ते थेट आत शिरले नाहीत; समोर थांबले. धावत गेला तो अब्राहाम. आतिथ्यावर प्रवचने देताना आम्ही नेहमी अब्राहामाचे धावणे सांगतो, पाहुण्यांचे थांबणे सांगत नाही.

आणि कोर्लईकडे बोट दाखवायला आपण तरी कोठले? डोंबिवली-कल्याणच्या ज्या इमारतींत आपली कुटुंबे मंगळूर, गोवा, वसई, केरळ अशा ठिकाणांहून येऊन राहिली, त्यांतील अनेकींच्या खाली आगरी शेतकऱ्यांची भातखाचरे होती. आपण रीतसर पैसे मोजून सदनिका घेतल्या, त्यात लबाडी नाही. तरीही इमारतीच्या नावापलीकडे त्या शेताचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मी या धर्मग्रामात अनेक वर्षे आहे. मलाही नाही.

गडावरून उतरताना एका मुलीने विचारले, "फादर, मग या किल्ल्याचा अभिमान धरायचा की लाज?" मला उत्तर आले नाही. ज्यांनी भिंती बांधल्या ते निघून गेले. त्यांच्या भाषेतून उगवलेली बोली मात्र जवळा वाळवणाऱ्या बायकांनी पावणेतीनशेहून अधिक वर्षे जपली, आणि ती ऐकताना आम्ही त्यांच्याच उंबरठ्यावर खुंट्या ठोकून बसलो होतो. त्या मुलाने ध्वनिमुद्रण पुसून टाकले होते. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते.

आम्ही तंबू सोडले. नवी जागा शोधण्याचे काम मी त्यालाच दिले. तो तीन घरे फिरला, बऱ्याच उशिरा परतला. भात कापून झालेले एक शेत मिळाले होते, पैसे घेणार नाही म्हणाले होते, अट एकच: बांधात खुंटी मारायची नाही, खारे पाणी शिरते. त्या संध्याकाळी तो हातोडी घेऊन प्रत्येक तंबूपाशी गेला आणि खुंट्या बांधापासून किती दूर आहेत, ते पावलांनी मोजून पाहत राहिला.